पहिल्या खिळ्यावरचा ऑस्ट्रेलियावाला

ऑस्ट्रेलियातल्या एका गायिकेचं एक गाणं होतं. ते तिच्या स्वतःच्या देशात कधी पहिल्या नंबरावर गेलं नाही, विलायतेत गेलं नाही, अमेरिकेत तर नाहीच नाही. गेलं ते आमच्या कारंजा घाडग्यात. ही फुशारकी आहे हे मला कळतं, पण ती मारायचा मला हक्क आहे, कारण ती रेकॉर्ड मी निवडून आणली होती. गायिकेचं नाव मी लिहिणार नाही. नाव घेतलं की लोक लगेच म्हणतात, अगं हो, आम्हालाही फार आवडायची ती! आवडायची तर आवडायची. आमच्याकडे ती पहिली आली तेव्हा तिला कुणी बाई म्हणूनही ओळखत नव्हतं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. नागपूर-अमरावती रस्त्यावर, ढाब्यांच्या रांगेच्या शेवटी बाबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, आणि तिच्यात विकायला काहीच नव्हतं. रेकॉर्ड वाजवायची एक मशीन, एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माइक, हे सगळं लग्नाकार्याला भाड्यानं जायचं. बाबा सोबत जायचे. आर्वीहून माझा चुलतभाऊ यायचा. मी त्याला दादा म्हणायचे. भोंगे निंबाच्या झाडावर चढवायचं, तारा ओढायचं काम त्याचं होतं. रेकॉर्डवर सुई ठेवायचं काम बाबांचं. मांडवात त्या कामाला ते सहसा कुणाला हात लावू देत नसत.

बाबांची मशीन कुणाच्याही मांडवात जायची. सकाळी आमच्या वस्तीतल्या लग्नात बुद्धवंदना, दुपारी शेजारच्या गावात पाटलाच्या घरी मंगलाष्टकं. ज्या घरांच्या ओसरीवर माझ्या आजोबांना कधी चढू दिलं नव्हतं, त्या घरच्या मांडवात बाबांना खुर्ची मिळायची, कारण मशीन मांडवाच्या मधोमध लागायची आणि मशीन सोडून बाबा कुठं बसायचे नाहीत. याबद्दल ते घरी अवाक्षर बोलत नसत. त्या खुर्चीवर मात्र असे ताठ बसायचे की बघत राहावं.

मशीनच्या बाजूला एक खटका होता आणि तो तांब्याच्या तारेनं करकचून बांधलेला होता. बाबांनी मशीन जुनी घेतली तेव्हापासूनच. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की बंडीत धक्के बसतात, खटका सरकतो आणि गाणं बिघडतं, म्हणून याला हात लावू नका. झालं! बाबांनी ते कायमचं मनात धरलं. आमच्या घरात कशालाही हात लावलेला चालायचा, त्या तारेला नाही.

दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांची एक लांब ओळ होती आणि प्रत्येक खिळ्यावर एक रेकॉर्ड, पाकिटाला दोरी ओवून लटकवलेली. ती ओळ उगाच नव्हती. जूनमध्ये लग्नं थांबली की बाबा एक दिवस दुकानातच बसायचे. एकेक रेकॉर्ड उतरवायचे, तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या कडेवर सुई ठेवायचे आणि गाणं सुरू व्हायच्या आधीची नुसती खरखर ऐकायचे. जिची खरखर जास्त ती जास्त वाजली, म्हणजे लोकांनी तीच जास्त मागितली. ती दाराजवळच्या पहिल्या खिळ्यावर. जी गुळगुळीत राहिली ती पार कोपऱ्यात, जुन्या वायरींच्या वर. माय त्याला रेकॉर्डींचा निकाल म्हणायची. ढाब्यावरचे लोकही चहाचा ग्लास हातात घेऊन यायचे, पहिली कोण आली बघायला.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या साली बाबांनी मला रेकॉर्डी घ्यायला नागपूरला नेलं. लेबलावरची बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती आणि दुकानदाराला ते कळू द्यायचं नव्हतं. मी कानात वाचून दाखवायचे, ते मोठ्यानं बोलायचे. आम्ही नेहमी मोठ्या रेकॉर्डीच घ्यायचो, बाजूला चार-पाच गाणी असलेल्या. निघताना दुकानदारानं लहान रेकॉर्डींची एक टोपली पुढं केली, "बेटी, इसमें से एक ले ले, मेरी तरफ से." मी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि एकीच्या लेबलावर ऑस्ट्रेलिया लिहिलेलं दिसलं. भूगोलात ऑस्ट्रेलियाबद्दल आम्हाला एवढंच होतं की तिथं मेंढ्या फार आणि माणसं कमी. इतक्या कमी माणसांत गाणारं कोण निघालं, ऐकू तरी, म्हणून ती उचलली. पाकीट साधं खाकी होतं, त्यावर फोटो नव्हता. लेबलावर ४५ असा आकडा होता. मला वाटलं, मालाचा नंबर असेल.

दुकानात येऊन वाजवली. आतून बुवा निघाला! जाड, सावकाश, जरा झोपाळलेला आवाज, एकेक शब्द ओढत ओढत गाणारा. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा माणूस जेवून आडवा झाला वाट्टे." मी हिरमुसले. रेकॉर्ड कोपऱ्यातल्या शेवटच्या खिळ्यावर गेली.

पण बाबा गमतीत जे बोलले तेच खरं ठरलं. त्या उन्हाळ्यात एका लग्नात पंगत बसली आणि पंगतीला वाजवायची मोठी रेकॉर्ड उन्हानं वाकडी झालेली निघाली. दादाच्या हाताला माझी ऑस्ट्रेलियाची लागली. बाबा नको नको म्हणेपर्यंत तो बुवा भोंग्यातून सुरू झाला. गाणं संपलं तर पंगतीतून आवाज आला, "अबे, तो आडवा माणूस लाव ना अजून!" त्या गाण्यावर म्हणे घास चांगला जातो. कुणी घाई करत नाही, वाढपी पळत नाहीत, बुंदी निवांत वाढली जाते. एका लग्नातून दुसऱ्या लग्नात बातमी गेली. भाड्याचं ठरवायला येणारा माणूस तारीख सांगायच्या आधी सांगू लागला, "तो ऑस्ट्रेलियावाला आणजो बरं, मशीनवाले." एका आजोबांनी तर बाबांना विचारलं होतं, तो बुवा एकदा इकडं कीर्तनाला येईल काय.

पहिल्या जूनच्या निकालात ती रेकॉर्ड अर्ध्या भिंतीपर्यंत आली. दुसऱ्या जूनला बाबांनी तिच्यावर सुई ठेवली आणि अशी खरखर निघाली, जणू कढईत मोहरी टाकली. बाबा उठले, दाराजवळच्या खिळ्यावरची जुनी रेकॉर्ड काढली आणि चाचपत चाचपत माझी तिथं लटकवली. मी आनंदानं ढाब्यावर पळत गेले आणि ओरडून सांगितलं, "ऑस्ट्रेलियावाला पहिला आला!" ट्रकवाले, चहा देणारे पोऱ्हे, भट्टीवरचा आचारी, सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी निवडलेल्या रेकॉर्डीला होत्या, म्हणजे मलाच होत्या, असं मी धरून चालले. आजही धरून चालते.

"चाचपत चाचपत" असं वर लिहिलं, ते खरं दुखणं होतं. त्या हिवाळ्यात आम्ही बाबांना वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसून होते. आर्वी मागे पडली तेव्हा म्हणाले, "या उन्हाळ्यानंतर मशीन आर्वीले जाईन. पोट्टा चालवन."

पोट्टा म्हणजे दादा. मला सणकन राग आला. बसमध्येच बोलले, "काऊन? मी काय मेली?"

"तू पोरगी हायेस."

"मग सुई काय मिशीनं ठेवा लागते?"

मागच्या सीटवरचा माणूस फिस्सकन हसला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मांडवात चारशे लोकायच्या मधात पोरगी मशीन घेऊन बसन? लोकं काय म्हंतीन?"

घरी आल्यावर मी दोन दिवस बोलले नाही. माझा अबोला म्हणजे सोपं काम नव्हतं, भांडी आपटून आपटून मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी मायनं तोंड उघडलं, "तुमी तिले नागपूरले नेता, लेबलं वाचाले लावता, आता घरी सुई तिच्याच हातानं ठेवता. मांडवातच काय भूत बसलं हाय?"  मग बाबांनी अट घातली. येत्या उन्हाळ्यात एक लग्न मी एकटीनं करायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दादा भोंगे चढवून देईल, बाबा खुर्चीवर बसतील, पण मशीनला दोघंही हात लावणार नाहीत. "एक जरी तक्रार आली," बाबा म्हणाले, "तं मशीन त्याची. मग रडाचं नाई."

मी म्हणाले, येऊ द्या कशी येते ती.

त्याच दरम्यान दादानं घोळ घातला. त्याला वाटलं, ऑस्ट्रेलियावाला एवढा चालतो तर त्याची मोठी रेकॉर्ड आणावी. नागपूरला नाव सांगून तो घेऊनही आला. पाकिटावर एक बाई! मोकळे केस, हसरा चेहरा. मी म्हणाले, "बाबा, फोटो तं बाईचा हाय."

"त्याची बायको असन," बाबा म्हणाले.

वाजवली तर आतूनही बाईच निघाली. आवाज लख्ख, टवटवीत, पळता. आणि तिसरं गाणं लागलं तेव्हा मी उडालेच. ते आमच्या बुवाचं गाणं होतं! तीच चाल, तेच शब्द, पण ही बाई ते भरभर गाऊन मोकळी होत होती. मला इतका संताप आला की विचारू नका. आमच्या माणसाचं गाणं चोरतेस होय गं भवाने! बाबांचा निवाडा झाला की दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला. तरी दादानं ती एका लग्नात लावून पाहिली. लोक म्हणाले, बंद करा हे, आमचा माणूस लावा. मोठी रेकॉर्ड सपशेल पडली आणि कोपऱ्यात वायरींच्या वर जाऊन बसली.

मला मात्र ती बाई सोडेना. दुकानात रेडिओ होता आणि रविवारी दुपारी शॉर्टवेव्हवर एका परदेशी स्टेशनवर इंग्रजी गाण्यांची नंबरवारी लागायची. खालच्या नंबरापासून सुरू करत निवेदक वर वर चढायचा. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, पण आकडे आणि देशांची नावं कळायची. म्हणजे त्या साहेबाच्या दुकानातही खिळ्यांची भिंत होती तर, फक्त तो निकाल दर आठवड्याला लावायचा. एका रविवारी त्यानं आमच्या लेबलावरचंच नाव घेतलं. माझे कान टवकारले. मला जेवढं कळलं त्यावरून तो सांगत होता की हिचं नवं गाणं यादीत खालून वर चढतंय, आणि त्याआधी हिचं एक जुनं गाणं ऐका, फार गोड, पण बिचारं कधी पहिल्या नंबरापर्यंत पोचलं नाही. दर वाक्यात तो 'शी', म्हणजे ती, म्हणत होता. आणि मग लागलं आमचंच गाणं. बाईच्याच आवाजात.

म्हणजे चोरी कुणाची नव्हतीच. ती एकच होती. मग आमच्या लहान रेकॉर्डमध्ये बुवा कुठून शिरला?

मी दोन्ही रेकॉर्डी मांडीवर घेऊन बसले. मोठीच्या लेबलावर ३३ होतं. लहानीच्या ४५. भिंतीवरच्या इतर सगळ्या उतरवल्या, सगळ्यांवर ३३. आणि मशीनच्या खटक्याजवळ, तारेच्या वेढ्याखाली, मळ बसलेले काही आकडे होते. पक्कड घेतली आणि तार सोडली.  पदरानं मळ पुसला, खटका ४५ वर नेला, लहान रेकॉर्ड लावली आणि सुई ठेवली.

दुकानभर बाई झाली. काय आवाज होता तो! ४५ हा मालाचा नंबर नव्हता, रेकॉर्ड फिरायचा वेग होता. दोन उन्हाळे आम्ही तिला पाय ओढत चालायला लावलं होतं आणि ती तर नाचणारी होती. मी एकटीच हसत सुटले, टाळ्या पिटल्या.

बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. दाराशी येऊन उभे राहिले. "तार कोणं सोडली?"

मी सगळं सांगितलं. आकडे सांगितले, रेडिओचं सांगितलं, पुन्हा एकदा वाजवून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कारंज्यात बाबांच्या मशीनची शपथ घ्यायचे लोक. दुसऱ्या गावची मशीन घरघरली की म्हणायचे, ती कारंज्याची आणाची होती, ती कधी खोटी वाजत नाही. ती दोन उन्हाळे खोटी वाजली होती, आणि सर्वांच्या सगळ्यात आवडत्या गाण्यात.

"बांध तार," बाबा म्हणाले.

"पण बाबा..."

"लोकायले जे आवडलं तेच वाजवाचं. बांध."

मी बांधली. दुसरं काय करणार, माझं लग्न दोन आठवड्यांवर होतं. माझं म्हणजे मशीनचं.

मे महिना, ऊन असं की बंडीच्या लोखंडाला हात लागला तरी चटका बसावा. नवरीचे वडील गावातले मोठे शेतकरी, मांडव भला मोठा. मी मधोमध बसले. समोर मशीन, शेजारी बाबा खुर्चीवर, दादा खांबाला टेकून. सुरुवातीला सगळे माझ्याकडे सर्कशीतला हत्ती आल्यासारखे बघत होते. पण मंगलाष्टकांना माइक शिट्टी न मारता चालला, 'सावधान' म्हणताच टाळी बरोबर क्षणाला भोंग्यातून गेली, वाजंत्री आणि मशीन एकमेकांच्या अंगावर गेले नाहीत. पुरुषांच्या पंगती बसल्या, मी बुवा लावला, लोक खूश. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तक्रार नाही. नवरीचे वडील जाता जाता बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय हो तुमची." बाबा ताठ बसले. मी आतून इतकी फुगले होते की विचारू नका.

मग बायकांची पंगत बसली. आमच्याकडे ती शेवटीच बसायची, उन्हं कलल्यावर. नवरीची आत्या पत्रावळीवर बसता बसता माझ्याजवळ थांबली. बाई प्रेमळ होती, तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, आज केलं तं केलं, पण हे काम सोड. भोंग्यातून बाईचा आवाज शोभत नाई. पाह्य ना, त्या दूरच्या देशातही गाणारा बुवाच हाय. आन् किती गोड वाट्टे कानाले."

त्या वेळी भोंग्यात तोच चालू होता. ओढत, आळसावत, खोटा.

माझं डोकं सटकलं. दुसरा शब्द नाही त्याला. मी पेटीतून पक्कड काढली, तार तोडली, खटका सरकवला आणि सुई पहिल्यापासून ठेवली. निंबावरच्या दोन्ही भोंग्यांतून ती बाई गावावर सुटली. वाढपी जागच्या जागी थबकले. नवरदेवाकडची मंडळी बाजांवरून उठून मांडवात आली. कुणी म्हणालं, "काय झालं बे?" कुणी म्हणालं, "पोरीनं मशीन बिघडवली." नवरीचे वडील धोतर सावरत आले, "अव पोरी, ऑस्ट्रेलियावाला कुठी गेला? ही कोण बाई?"

आली होती तक्रार. साऱ्या गावासमोर आली होती.

दादा खाली वाकला. त्याला मशीन हवी होती असं मला तोवर वाटायचं, पण तो कानात म्हणाला, "सांग ना, लाइट कमी-जास्त झाली म्हणून. मी तार बांधतो, कोणाले कळत नाई." पटणारं होतं ते. आमच्याकडे लाइट कमी-जास्त होतच असते, कुणीही मान हलवली असती.

मी माइक हातात घेतला. उभी राहून बोलले. "मशीन बिघडली नाई. आजवर बिघडून चालत होती. हा बुवा नाई, ही बाईच हाय. आमीच तिले हळू वाजवत होतो, म्हणून तुमाले बुवा वाटली. आता वाजून राह्यलं ते खरं हाय."

माझा स्वतःचा आवाज भोंग्यातून परत माझ्याकडे आला, तेवढाच ऐकू आला.  मग मागून एक गडी ओरडला, "म्हणजे दोन वर्ष तुह्या बापानं आमाले फसवलं म्हण की!"

हे मी धरलंच नव्हतं. मी माझ्या तोऱ्यात बोलून गेले होते आणि घाव बाबांवर पडला होता. मी वळून पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठत होते. हात पुढं केला, तो हवेतच राहिला, मग माझा खांदा सापडला. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"फसवलं नाई," बाबा म्हणाले. "मलेच ठाऊक नोतं. मशीन माही, तार माही, चूक माही. दोन वर्ष मी तुमाले चुकीचं आयकवलं. माह्या पोरीनं आज बरोबर आयकवलं. ज्याले बुवाच पाह्यजे असन त्यानं सांगा, तोही लावून देऊ, पण तो खोटा हाय हे ध्यानात ठेवा."

 ज्या माणसाला आपल्या मशीनबद्दल एक वाकडा शब्द सहन होत नसे, तो माणूस पाचपन्नास गावांचे पाहुणे जमलेले असताना भोंग्यातून बोलत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शरमेचं नव्हतं ते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, हा माझा बाप आहे.

पंगतीतून आत्याबाईचा आवाज आला. "पोरी, ही खरंच बाई हाय?"

"हो आत्याबाई."

"मंग आमची पंगत उठेपर्यंत हेच वाजव. बुवा आयकत जेवले ते लोकं जेवून गेले."

बायका अशा हसल्या की कढीचे द्रोण कलंडले. मी पुन्हा सुई ठेवली, आणि पुन्हा ठेवली. गडी माणसं कुरकुरत बाजांकडे गेली. काही गावांना पुढेही बुवाच लागायचा, हे खरं. पण त्या दुपारी, त्या पंगतीत, ती पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात गायली आणि कुणी थांबवलं नाही.

संध्याकाळी भोंगे उतरवून बंडीत ठेवले. दादा बैलांच्या मागं, बाबा आणि मी मशीनच्या दोन बाजूंना, तिला धक्का बसू नये म्हणून हातानं धरून. तार नव्हती आता.  नवरीच्या वडिलांनी निरोप देताना मला बुंदीचा पुडा दिला होता, पण पुड्यानं काय होतंय, ठरलं होतं ते ठरलं होतं. बाबांच्या तोंडून ऐकायच्या आधी मीच बोलून टाकावं, म्हणजे निदान मान खाली जाणार नाही, असं मी मनाशी ठरवलं.

"बाबा," मी म्हणाले, "तक्रार तं आली."

बाबांचा चेहरा रस्त्याकडे होता. रस्ता त्यांना दिसत नव्हता, सवयीनं बघत होते.

"आली," ते म्हणाले. "मशीनची आली. मशीनवालीची कोणं केली?"